डोळा आधी पोचतो

नवा बीम मागावर चढवायचा असेल तर त्याचा प्रत्येक उभा धागा आधी वहीच्या, म्हणजे उभे धागे वर-खाली करणाऱ्या चौकटीच्या, डोळ्यातून आणि मग फणीच्या दोन दातांमधून ओवून घ्यावा लागतो. एका बीमवर असे धागे हजारांनी असतात. एक धागा चुकीच्या डोळ्यात गेला तर कापडावर शेवटपर्यंत रेघ उमटत राहते. विट्यात आणि इचलकरंजीत या कामाला वहिफणी म्हणतात. ते करणारी माणसं तासन्‌तास पाठ वाकवून बसतात. त्यांच्याकडे थोडा वेळ नीट पाहिलं की एक गोष्ट ध्यानात येते. बोटं एक धागा ओढून घेत असतात, तेव्हा नजर त्या धाग्यावर नसतेच. ती पुढच्या धाग्यावर जाऊन बसलेली असते.

डोळ्यांच्या हालचालींवर जगभर गेली सव्वाशे-दीडशे वर्षं जे संशोधन चाललं आहे, त्याचा गाभा या एका दृश्यात आहे. माणसं त्यावर पीएच.डी. करतात, लाखो रुपयांची यंत्रं वापरतात, सेकंदाचे हजार भाग करून नजर कुठून कुठे गेली ते मोजतात. हे संशोधन प्रयोगशाळेतून बाहेर पडून विट्याच्या खानापूर तालुक्यात यावं, असं मला मनापासून वाटतं. का, ते सांगण्यासाठीच हा लेख लिहितो आहे.

विटा हे नजरेवर जगणारं गाव आहे. इथले आणि आसपासच्या खानापूर, आटपाडी, तासगाव, कवठेमहांकाळ तालुक्यांतले लोक दुष्काळाला कंटाळून पिढ्यान्‌पिढ्या बाहेर पडले आणि सोनं-चांदी गाळण्याच्या धंद्यात शिरले. आज केरळ-तामिळनाडूपासून उत्तर भारतापर्यंत सराफ बाजाराच्या गल्लीत कुठेतरी एक भट्टी, एक मूस आणि घरी मराठी बोलणारा गलाई व्यावसायिक सापडतोच. जे मागे राहिले त्यांतल्या अनेकांनी यंत्रमाग टाकले. एका धंद्यात धातूचा कस ओळखायचा, दुसऱ्यात तुटलेला धागा. दोन्हीकडे चूक झाली की पैसे जातात, आणि दोन्हीकडे कामाचं पहिलं हत्यार म्हणजे डोळा.

पण डोळा नेमकं काय करतो, याची आपली समजूत बरीच चुकीची असते. आपल्याला वाटतं, समोरचं सगळं आपल्याला एकाच वेळी सारखंच स्पष्ट दिसतं. तसं नसतं. दृष्टिपटलाच्या मधोमध एक बारीक खळगा आहे. बारकावे टिपणाऱ्या शंकुपेशी तिथे दाटीनं असतात. हात पूर्ण लांब करून अंगठा समोर धरलात तर त्या नखाएवढा, फार तर त्याच्या थोडा आजूबाजूचा भागच खऱ्या अर्थानं स्वच्छ दिसतो. बाकीचं सगळं अंधुक असतं, रंग फिके असतात. या पानावरच्या एका शब्दावर नजर खिळवून ठेवा आणि नजर न हलवता चार ओळी खालचा शब्द वाचायचा प्रयत्न करा. अक्षरं आहेत एवढं कळेल, वाचता यायचं नाही.

म्हणून डोळा झेपा घेतो. सेकंदाला साधारण तीन. प्रत्येक झेपेनंतर तो पाव सेकंदाच्या आसपास थांबतो, समोरचा तुकडा टिपतो आणि पुढे निघतो. दिवसातले सोळा तास आपण जागे असतो असं धरलं तर हा आकडा दीड लाखाच्या पुढे जातो. शरीरातल्या दुसऱ्या कुठल्याही हालचालीचा निर्णय आपण इतक्या वेळा घेत नाही. आणि यातला एकही निर्णय आपल्याला आठवत नाही.

आठवत तर नाहीच, दिसतही नाही. घरातल्या आरशासमोर उभे राहा. आधी स्वतःच्या डाव्या डोळ्याकडे पाहा, मग उजव्या, पुन्हा डाव्या. तुमचे डोळे हललेले तुम्हाला कधीच दिसणार नाहीत. शेजारी उभ्या असलेल्या माणसाला मात्र ते स्पष्ट दिसतील. रेमंड डॉज या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या गोष्टीकडे लक्ष वेधलं. झेप चालू असताना दृष्टिपटलावरून सगळं चित्र वेगानं सरकत असतं, पण मेंदू तेवढ्या क्षणापुरती संवेदना दाबून टाकतो आणि आपल्याला जग स्थिर भासतं. दिवसभरात अशा दाबून टाकलेल्या क्षणांची बेरीज केली तर ती तासांत जाते.

उलटही खरं आहे. डोळा पूर्ण स्थिर झाला तर दिसणंच बंद होतं. १९५२-५३ च्या सुमारास इंग्लंडमध्ये डिचबर्न आणि अमेरिकेत रिग्ज यांनी डोळ्यावर बसवलेल्या भिंगांच्या साहाय्यानं असा बंदोबस्त केला, की डोळा जसा हलेल तसं चित्रही त्याच्याबरोबर हलेल. काही सेकंदांत चित्र विरून जायचं. आपण एका जागी टक लावून पाहतो तेव्हाही डोळा बारीक थरथरत असतो. ती थरथर आहे म्हणून समोरचं चित्र टिकतं.

या विषयाची सुरुवात वाचनापासून झाली. पॅरिसचे नेत्रतज्ज्ञ एमिल झावाल यांच्या प्रयोगशाळेत १८७९ च्या सुमारास लक्षात आलं, की वाचणारा डोळा ओळीवरून घरंगळत जात नाही, तो उड्या मारत जातो. पुढे डॉज, ह्यूई, बसवेल यांनी मोजमापाची यंत्रं घडवली. रशियात आल्फ्रेड यार्बस यांनी डोळ्यावर चिकटणाऱ्या छोट्या टोप्या बसवून नजरेचे माग काढले. इल्या रेपिनचं एक प्रसिद्ध चित्र आहे. बऱ्याच वर्षांनी अनपेक्षितपणे घरी परतलेला माणूस दारात उभा आहे आणि घरातली माणसं त्याच्याकडे बघताहेत. यार्बसनी हे चित्र दाखवून एकाच माणसाला वेगवेगळे प्रश्न विचारले. या घरची आर्थिक परिस्थिती कशी असेल? या माणसांची वयं किती? हा किती वर्षांनी परतला असावा? प्रश्न बदलला की नजरेचा माग पूर्ण बदलायचा. वय विचारलं की नजर चेहऱ्यांवर, परिस्थिती विचारली की सामानावर आणि कपड्यांवर. चित्र तेच, डोळे तेच. हे काम १९६७ मध्ये इंग्रजीत आलं आणि तेव्हापासून नजर ही मनातल्या प्रश्नाच्या मागे जाते, हे सर्वसाधारणपणे मानलं जातं.

पण मला यातल्या एका पीएच.डी.बद्दल जास्त सांगायचं आहे. एक विद्यार्थी एक साधा प्रश्न किती दूरवर नेऊ शकतो, ते त्या कामात दिसतं. कीथ रेनर हा तरुण सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात जॉर्ज मॅकॉन्की यांच्याकडे काम करत होता. प्रश्न असा: वाचताना एका थांब्यात आपण नेमकी किती अक्षरं घेतो? विचारून कळणार नाही, कारण वाचणाऱ्याला वाटतं, आपल्याला अख्खं पान दिसतंय. गुरुशिष्यांनी संगणकाच्या पडद्यावर मजकूर ठेवला आणि वाचणाऱ्याच्या नजरेभोवती ठरावीक अक्षरांची एक खिडकी सोडून बाकी सगळ्या अक्षरांच्या जागी इंग्रजी एक्स भरून टाकला. नजर हलली की खिडकीही तिच्याबरोबर सरकायची. खिडकी फार लहान केली की वाचन रखडायचं. मोठी करत नेली की एका मर्यादेनंतर वाचणाऱ्याला फरकच कळत नसे. बाहेर सगळा पडदा एक्सनी भरलेला असूनही त्याचं वाचन नेहमीच्या वेगानं चालायचं. इंग्रजीत ही मर्यादा नजरेच्या डावीकडे तीन-चार अक्षरं आणि उजवीकडे चौदा-पंधरा अक्षरं अशी निघाली.

रेनरच्या १९७४ च्या प्रबंधात दुसरी युक्ती आहे, आणि ती मला अधिकच भारी वाटते. वाक्यात एका ठिकाणी न दिसणारी सीमारेषा ठरवायची. डोळा तिच्या अलीकडे असेपर्यंत पुढे एक शब्द दिसतो. झेप घेऊन डोळा रेषा ओलांडतो त्याच क्षणी संगणक तो शब्द बदलून दुसरा ठेवतो. झेपेच्या वेळी डोळा जवळजवळ आंधळा असतो, म्हणून बदल झाल्याचं वाचणाऱ्याला सहसा कळत नाही. पण त्याच्या थांब्याची लांबी सगळं सांगून जाते. आधीचा शब्द आणि नंतरचा शब्द यांत साम्य असेल तर थांबा छोटा, नसेल तर मोठा. पुढचा शब्द वाचायच्या आधीच त्याच्या अक्षरांची आणि आकाराची चाहूल डोळ्याच्या कडेनं घेतलेली असते, हे यातून सिद्ध झालं. बोटं एका धाग्यावर आणि नजर पुढच्यावर, हे वहिफणीत दिसतं तसं वाचनातही आहे. तिथे अर्थ एका शब्दावर आणि नजरेची कड पुढच्या शब्दावर असते.

१९८१ मध्ये रेनर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी हिब्रू वाचणाऱ्यांवर हाच खिडकीचा प्रयोग केला. हिब्रू उजवीकडून डावीकडे लिहितात. तिथे खिडकीचा लांब भाग डावीकडे निघाला. तीच माणसं इंग्रजी वाचायला लागली की लांब भाग उजवीकडे सरकला. म्हणजे ही डोळ्याची जन्मजात रचना नाही. लिपीनं डोळ्याला लावलेलं वळण आहे, आणि माणूस ते क्षणात बदलतो. मिरजेत एकाच घरात मराठी आणि उर्दू दोन्ही वाचणारी मुलं आहेत. त्यांच्या नजरेचं काय होत असेल, हा मला इथल्या एखाद्या विद्यार्थ्यानं घ्यावा असा तयार प्रश्न वाटतो.

देवनागरीचे स्वतःचे प्रश्न आणखी वेगळे आहेत. रोमन लिपीत अक्षरं एका रांगेत चालतात. आपल्याकडे शिरोरेषेच्या वर वेलांटी, मात्रा, रफार, खाली उकार, मध्ये जोडाक्षर. डोळ्याला आडवं जायचं असतं आणि उभंही बघायचं असतं. ऱ्हस्व वेलांटी तर लिहिताना व्यंजनाच्या आधी येते आणि उच्चारताना नंतर. ‘कि’ वाचताना डोळ्याला आधी वेलांटी भेटते, मग क. ज्योत्स्ना वैद आणि आशुम गुप्ता यांनी २००२ मध्ये हिंदी वाचकांवर काम करून ही उलटापालट वाचनाच्या वेगावर परिणाम करते का ते तपासलं, आणि वेलांटीचे शब्द उच्चारायला वेळ लागतो असं दिसलं. पहिली-दुसरीतली मुलं ‘किती’ वाचताना जिथे अडखळतात तिथे त्यांच्या हुशारीचा काही संबंध नसतो. लिपीनं घातलेली ती एक पायरी आहे. शिक्षकाला हे माहीत असेल तर तो मुलाला रागावणार नाही.

महाराष्ट्रात या विषयावर ठोस काम झालं आहे ते पवईच्या आयआयटीत. तिथे पुष्पक भट्टाचार्य यांच्या मार्गदर्शनाखाली अभिजित मिश्रा यांनी डोळ्यांच्या हालचाली आणि भाषेचं आकलन यांवर डॉक्टरेटचं संशोधन केलं. २०१८ मध्ये दोघांचं त्यावरचं पुस्तकही निघालं. त्यांची वाट वेगळी आहे. संगणकाला भाषा शिकवायची तर माणूस भाषा कशी वाचतो ते आधी पाहू या, अशी. वाचणाऱ्यापुढे वाक्यं ठेवायची, कॅमेऱ्यानं त्याची नजर सेकंदाला शेकडो वेळा टिपायची आणि त्या मागावरून वाक्य किती अवघड आहे, अनुवादकाला ते किती जड जाईल, याचा अंदाज बांधायचा. यातला सगळ्यात रंजक भाग टोमण्यांचा आहे. टोमणा संगणकाला कळत नाही, कारण शब्द सगळे गोड असतात. एक वाक्य घ्या: ‘वा! दोन तास थांबलो, फार लवकर आलात.’ सरळ वाचत गेलं तर ‘दोन तास थांबलो’ आणि ‘लवकर आलात’ यांची सांगड बसत नाही. टोमणा ओळखणारा वाचक तिथे ठेचकाळतो, त्याचा डोळा मागे जातो, आधीचे शब्द पुन्हा पाहतो आणि मग पुढे येतो. ज्याला टोमणा कळलाच नाही त्याचा डोळा सरळ निघून जातो. हा मागे जाण्याचा माग आणि लांबलेले थांबे संगणकाला पुरवले तर तो टोमणा अधिक अचूक ओळखू लागतो, असं त्यांनी २०१६ मध्ये दाखवलं. त्यांचे प्रयोग इंग्रजीत झाले. सांगली-कोल्हापूरच्या बोलीत टोमण्यांची जी श्रीमंती आहे, ती या यंत्रासमोर ठेवली तर कितीतरी मिळेल.

आता भट्टीकडे येतो. आज टंच, म्हणजे सोन्याचा कस, काढायला क्ष-किरणांवर चालणारी यंत्रं आली आहेत आणि बहुतेक मोठ्या दुकानांत ती असतात. पण त्याआधी शतकानुशतकं हे काम काळ्या कसोटीच्या दगडावर झालं. दागिना दगडावर घासायचा, त्याची रेघ उमटते. शेजारी ज्याचा कस पक्का माहीत आहे अशा सोन्याची रेघ ओढायची. तांबं जास्त असेल तर रेघ लालसर, चांदी जास्त असेल तर फिकी, हिरवट. मग तेजाबाचा थेंब सोडून कोणती रेघ किती टिकते ते पाहायचं. यात शेजारी रेघ ओढण्याला फार महत्त्व आहे. माणसाचा डोळा रंग लक्षात ठेवण्यात कच्चा आहे. काल पाहिलेल्या पिवळ्याची आणि आजच्या पिवळ्याची तुलना करायला सांगितलं तर तो हमखास चुकतो. पण दोन रंग एकमेकांना चिकटून ठेवले की अगदी सूक्ष्म फरकही त्याला कळतो. कसोटी वापरणाऱ्यांनी डोळ्याची दुबळी बाजू टाळून बळकट बाजू वापरली. आणि दगड काळा का? काळ्यावर सोन्याच्या छटा उठून दिसतात आणि दगडाचा स्वतःचा रंग तुलनेत लुडबुड करत नाही.

शेजारचा रंग किती लुडबुड करतो, ते कापडाच्याच धंद्यातून कळलं होतं. पॅरिसमधल्या गोब्लाँ या राजाश्रयी विणकाम कारखान्यात मिशेल-युजीन शेव्रूल हे रसायनशास्त्रज्ञ १८२४ पासून रंगशाळेचे प्रमुख होते. विणकर तक्रार करत, की काळा रंग नीट चढत नाही, निळ्या-जांभळ्याच्या छायेत वापरला की मळकट दिसतो. शेव्रूलनी रंग तपासला, दुसऱ्या ठिकाणच्या काळ्या लोकरीशी ताडून पाहिला. रंगात काहीच खोट नव्हती. शेजारचे निळे-जांभळे धागे काळ्याचं रूप बदलत होते. या शोधावर त्यांनी १८३९ मध्ये मोठा ग्रंथ लिहिला आणि पुढच्या पिढीच्या चित्रकारांनी तो अभ्यासला. विणकराची तक्रार खोटी ठरवून हाकलून दिली असती तर हे शास्त्र आणखी उशिरा हाती लागलं असतं.

हातानं करायच्या कामांत नजर काय करते, यावर सगळ्यात सुंदर काम इंग्लंडच्या मायकेल लँड यांचं आहे. १९९९ मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी माणसांच्या डोक्याला छोटा कॅमेरा बांधला आणि त्यांना चहा करायला सांगितलं. निष्कर्ष असा, की डोळा हाताच्या सुमारे अर्धा सेकंद आधी वस्तूवर पोचतो, आणि हाताचं काम पुरतं संपायच्या आधीच पुढच्या वस्तूकडे निघून जातो. कामाशी संबंध नसलेल्या वस्तूंकडे नजर जवळपास जातच नाही. स्वयंपाकघरात शंभर वस्तू असोत, डोळ्याला आत्ता लागणारी एकच दिसते. आपल्या बायका एका हातानं फोडणी ढवळत दुसऱ्या हातानं डबा काढतात, तेव्हाही हेच चाललेलं असतं.

पुढच्याच वर्षी लँड आणि पीटर मॅकलिऑड यांनी क्रिकेट घेतलं. आपल्याला शिकवतात, चेंडूवरून नजर हटवू नकोस. मोजल्यावर दिसलं, की चांगला फलंदाज नजर हटवतो. चेंडू हातातून सुटताना तो पाहतो, मग नजर झेप घेऊन टप्पा जिथे पडणार तिथे आधीच जाऊन थांबते, टप्पा पडल्यावर चेंडू पुन्हा पकडते. साऱ्या प्रवासाला अर्धा-पाऊण सेकंद. उत्तम फलंदाजाची ही झेप फार लवकर निघते, साध्या खेळाडूची उशिरा. टप्पा कुठे पडेल हे आधी कळणं ही वर्षांच्या सरावाची कमाई आहे. विजय हजारे सांगलीचे. १९४८ मध्ये अ‍ॅडलेडला एकाच कसोटीच्या दोन्ही डावांत त्यांनी ११६ आणि १४५ धावा केल्या, समोर लिंडवॉल आणि मिलर होते. त्यांच्या नजरेचा माग कुणी काढला नाही, पण तिचा वेग किती असेल याचा अंदाज त्या आकड्यांवरून करता येतो. आज स्मृती मानधनाची फलंदाजी पाहताना मी चेंडूच्या आधी तिच्या डोक्याकडे पाहतो. डोकं किती थोडं हलतं, ते पाहण्यासारखं आहे.

इथवर डोळ्याचं कौतुक झालं. पण मला या लेखात सर्वांत महत्त्वाची वाटते ती दुसरी बाजू. डोळा वस्तूवर पडला म्हणजे ती दिसली, असं होत नाही.

२०१३ मध्ये अमेरिकेत ट्रॅफ्टन ड्रू, मेलिसा व्हो आणि जेरेमी वुल्फ यांनी २४ अनुभवी रेडिओलॉजिस्टना फुप्फुसांचे सीटी स्कॅन दिले आणि गाठी शोधायला सांगितलं. शेवटच्या स्कॅनमध्ये त्यांनी गोरिलाचं एक चित्र घुसवून ठेवलं होतं. नेहमीच्या गाठीपेक्षा ते ४८ पट मोठं होतं. २४ पैकी २० जणांना गोरिला दिसला नाही. नजरेचा माग पाहिला तर त्या वीसांतले बहुतेक जण थेट त्या जागेकडे पाहून गेले होते. मन गाठ शोधत होतं, म्हणून डोळ्यासमोरचा गोरिला जाणिवेपर्यंत पोचलाच नाही. मिरज हे डॉक्टरांचं गाव आहे, तिथे रोज शेकडो फिल्म वाचल्या जातात. ही गोष्ट तिथल्या प्रत्येक वाचनकक्षात माहीत असायला हवी.

याच वुल्फ यांचं २००५ चं काम थेट कापड तपासणाऱ्याच्या टेबलावर येऊन बसतं. पडद्यावर लपलेली एक वस्तू शोधायची. ती निम्म्या चित्रांत असते तेव्हा माणसं सुमारे ७ टक्के वेळा ती चुकवतात. तीच वस्तू शंभरात एखाद्या चित्रात ठेवली तर चुकण्याचं प्रमाण ३० टक्क्यांपर्यंत जातं. वस्तू तितकीच मोठी, तितकीच स्पष्ट. ती क्वचित येते एवढंच. मीटरमागून मीटर चांगलं कापड सरकत असताना मध्येच येणारा दोष निसटतो तो याच कारणानं. त्याआधी, १९४८ मध्ये, नॉर्मन मॅकवर्थ यांनी महायुद्धातल्या रडारवाल्यांसाठी एक प्रयोग केला होता. घड्याळासारख्या काट्याकडे दोन तास बघत राहायचं आणि काटा कधीतरी दुप्पट उडी मारतो ती टिपायची. पहिल्या अर्ध्या तासातच लोकांची पकड ढिली पडू लागली. तरुण, धडधाकट, शिकलेली माणसं होती ती.

यंत्रमागाच्या गावांत बारा तासांची पाळी नेहमीची. एका कामगाराकडे चार, सहा, कुठे आठ माग. साध्या मागावर धोटा मिनिटाला शंभरावर फेऱ्या मारतो, आवाज इतका की शेजारचा माणूस खुणेनं बोलतो. उभा धागा तुटला आणि माग चालूच राहिला तर कापडात दोष विणला जातो. मग तागा तपासताना तो सापडतो आणि कामगाराला ऐकून घ्यावं लागतं, ‘डोळे कुठं होते तुझे?’ कधी मजुरीतून पैसेही कापले जातात. मॅकवर्थ आणि वुल्फ यांचं काम वाचल्यावर मला हा प्रश्न अन्यायाचा वाटू लागला. डोळे तिथेच होते. अर्ध्या तासानंतर कुणाचंही लक्ष सुटतं, क्वचित येणारी गोष्ट कुणाच्याही हातून निसटते, हे प्रयोगशाळेत शांत खोलीत बसलेल्या माणसांवर सिद्ध झालं आहे. बाराव्या तासाला, त्या आवाजात, कामगाराच्या नावावर दोष टाकणं म्हणजे शरीराच्या धर्माबद्दल त्याला दंड करणं आहे.

दुसऱ्या बाजूनं, तोच कामगार आठ माग कसे सांभाळतो, याचंही कुतूहल आपल्याला नाही. नजर एका मागावर आणि बाकीच्या सातांची खबर कानाला. आवाजाची लय बिघडली की मान वळते. आडव्या धाग्याची कांडी केव्हा संपेल याचा अंदाज आधीच असतो, फलंदाजाला टप्प्याचा असतो तसा. हे ज्ञान कुठल्याही अभ्यासक्रमात नाही, कुणी त्याची पदवी देत नाही. मजुरी मीटरवर मिळते.

नजरेच्या विज्ञानाचा कामगाराला थेट फायदा झाल्याचं उदाहरण आपल्या देशात आहे. आसामच्या चहाच्या मळ्यांत चाळिशी ओलांडलेल्या, जवळचं नीट न दिसणाऱ्या ७५१ मजुरांवर एक चाचणी झाली. अर्ध्यांना लगेच वाचनाचे साधे चष्मे दिले, अर्ध्यांना चाचणी संपल्यावर. चष्मा मिळालेल्यांची पानं तोडण्याची क्षमता दुसऱ्या गटाच्या तुलनेत सुमारे २२ टक्क्यांनी अधिक वाढली. २०१८ मध्ये ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मध्ये हे प्रसिद्ध झालं. औषध नाही, शस्त्रक्रिया नाही, साधी काच.

चहाचं पान खुडण्यापेक्षा वहीच्या डोळ्यातून धागा ओवणं कितीतरी बारीक काम आहे. म्हणून विट्यात कुणी हा विषय पीएच.डी.ला घेतला तर सुरुवात इथून करावी असं मी सुचवेन. वहिफणी करणाऱ्या चाळिशीपुढच्या माणसांची जवळची दृष्टी तपासावी. चष्म्याआधी आणि चष्म्यानंतर तासाला किती धागे ओवले जातात, किती चुकतात, ते मोजावं. मग नजर टिपणारा चष्मेवजा कॅमेरा लावून जुना कामगार आणि नवशिका यांची नजर हाताच्या किती पुढे असते ते पाहावं. आता असे कॅमेरे अंगावर घालून हिंडता येतात, डोळ्यावर टोप्या चिकटवाव्या लागत नाहीत. तिसऱ्या टप्प्यात मागांच्या शेडमध्ये जावं: दिवा कुठे टांगला, माग कसे मांडले, दर अर्ध्या तासानं पाच मिनिटं काम बदललं तर दोष किती घटतात. यंत्रमागाच्या मालकालाही यात तोटा नाही, दोष घटले तर कापडाचा भाव त्यालाच मिळणार आहे. आणि या सगळ्या मोजणीत ज्याचे डोळे वापरले त्या कामगाराला त्याचे आकडे त्याच्या भाषेत समजावून सांगितले पाहिजेत, त्याच्या परवानगीशिवाय ते मालकाच्या हाती जाता कामा नयेत. नाहीतर नजर मोजण्याचं यंत्र उद्या पगार कापण्याचं यंत्र होईल.

विट्यात महाविद्यालयं आहेत, अभियांत्रिकीचं शिक्षण आहे, सांगलीत १९४७ पासूनचं वालचंद महाविद्यालय आहे, मिरजेत नेत्रतज्ज्ञ आहेत, कोल्हापुरात विद्यापीठ आहे. माग तर गल्लोगल्ली आहेत. ज्या घरात आई कांड्या भरते आणि वडील रात्रपाळीला जातात, त्या घरातली मुलं आज एम.एस्सी.ला आहेत. शेडमध्ये कुठे उभं राहायचं आणि कुणाला काय विचारायचं, हे त्यांना पॅरिस किंवा कॉर्नेलच्या कुठल्याही संशोधकापेक्षा अधिक चांगलं ठाऊक आहे. मार्गदर्शक मिळवणं, निधी मिळवणं आणि पहिल्या शेडमालकाला राजी करणं, एवढं काम उरतं. त्यातलं तिसरं करायला विट्यातल्या कुठल्याही व्यापारी संघटनेनं पुढे यावं.